वैशाखातील ग्राफिक्स कार्ड

पांढुर्णा आणि सौंसर या गावांची नावे दूरच्या माणसाच्या कानांवर पडतात ती बहुधा दोन कारणांनी. एक तेथील संत्री, आणि दुसरे म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, तेव्हा वर्तमानपत्रांतून ही नावे आणखी काही दिवस झळकली. परंतु या मुलखात ज्याने एकदा तरी वैशाख काढला आहे, त्याच्या स्मरणात यांपैकी काहीच आधी येत नाही. त्याला आठवते ते ऊन. सातपुड्याच्या पायथ्याचा हा प्रदेश हवामानाच्या बाबतीत विदर्भाचाच भाग आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मधून सीमारेषा गेली, म्हणून वारा काही वेगळा वाहू लागला नाही.

या उन्हाचा आणि संगणकाचा संबंध फार जवळचा आहे. शेतकऱ्याचा हात मोकळा होतो तो सुगी आटोपून माल बाजारात गेल्यावर. साहजिकच लग्ने निघतात ती चैत्र-वैशाखात, आणि लग्न म्हटले की आज वाजंत्र्याइतकाच आवश्यक झालेला माणूस म्हणजे व्हिडिओ काढणारा. त्याचा कॅमेरा मंडपात आठ-आठ तास चालतो. परंतु त्याचे खरे काम पुढे दुकानात, संगणकासमोर होते. चित्रणातील निवडक भाग जुळवणे, रंग सुधारणे, गाणी बसवणे आणि शेवटी त्या सर्वांची एक सलग फिल्म तयार करणे, या कामाचा मोठा भार संगणकातील ग्राफिक्स कार्ड नावाचा सुटा भाग उचलतो. म्हणजे वर्षातील सर्वांत अधिक काम आणि वर्षातील सर्वांत अधिक उष्मा हे दोन्ही त्या कार्डाच्या वाट्यास एकाच महिन्यात येतात.

मग व्हायचे ते होते. दुपारी दोनच्या सुमारास पडद्यावरील चित्र अडखळू लागते, पेटीतील पंखा कर्कश ओरडतो, आणि तीन तास चाललेले काम नव्वद टक्क्यांवर आले असता पडदा काळा होतो. काम पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी वधूपिता दिलेल्या वायद्याप्रमाणे दारात उभा राहतो. दोन-तीनदा असे झाले की दुकानदाराची खात्री पटते की कार्ड गेले. उधारउसनवार करून तो नागपूरला जातो, नवे कार्ड आणतो. आणि पंधरा दिवसांनी तेही तसेच तापू लागते. एका हंगामाची कमाई अशा रीतीने एका वस्तूत जाते, आणि दोष होता तेथेच राहतो. यास्तव कार्ड तापते म्हणजे नेमके काय होते, आणि दोष शोधावा कसा, याचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट अशी की ग्राफिक्स कार्ड विजेवर चालते आणि जेवढी वीज ते घेते तेवढीच उष्णता बाहेर टाकते. दोनशे वॅट घेणारे कार्ड भर कामात असताना जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन दिवे कोंडलेल्या पेटीत जाळावेत तसे असते. यात कार्डाचा काही अपराध नाही. तो निसर्गाचा नियम आहे. प्रश्न एवढाच की ही उष्णता निघून जाते की नाही. नखाएवढ्या चिपमधून ती थर्मल पेस्ट नावाच्या पातळ लेपातून धातूच्या तळाशी जाते. तेथून तांब्याच्या नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या जाळीत. जाळीतून पंख्याच्या वाऱ्यात. वाऱ्याबरोबर पेटीच्या बाहेर. आणि शेवटी खोलीच्या बाहेर. असे हे सहा टप्पे आहेत. कोठेही वाट अडली की मागचे सारे तापते. पाटाला मध्येच माती आली म्हणजे पाणी मागे तुंबते, परंतु माती असते पुढे.

त्या तांब्याच्या नळ्यांविषयी थोडे सांगण्यासारखे आहे. वरवर त्या भरीव काड्या वाटतात. वस्तुतः त्या पोकळ असून आत अगदी कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. चिपेच्या बाजूस ते पाणी उष्णता घेऊन वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही युक्ती सिद्ध केली. अंतराळयानांसाठी विचारात घेतलेली ही नळी आज पांढुर्ण्याच्या स्टुडिओत लग्नाची फिल्म थंड करीत आहे. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व मात्र घराघरांतील माठाचेच आहे: पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. फरक एवढाच की माठातील पाणी उडून जाते, नळीतील परत येते.

आता मोजमापाकडे वळावे. कार्डाचे तापमान हात लावून कळत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २०२० पासून ते दिसू लागले आहे. त्याहून अधिक तपशील एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड यांसारखे फुकट मिळणारे प्रोग्राम देतात. आकडा दिसला की माणूस लगेच विचारतो, ऐंशी अंश म्हणजे जास्त की कमी? आणि येथेच बहुतेकांची वाट चुकते. कारण या प्रश्नाची जी उत्तरे छापून येतात ती ज्या देशांत लिहिली जातात तेथील खोली वीस-बावीस अंशांची असते. सौंसरमधील पत्र्याच्या छताखालची मे महिन्यातील खोली बेचाळीस अंशांची असते. कार्डाचा पंखा खोलीतील हवाच वापरतो. खोलीपेक्षा थंड तो कार्डाला करू शकत नाही. यास्तव पाहावयाचा आकडा कार्डाचे तापमान हा नव्हेच. कार्ड खोलीपेक्षा किती अंश वर आहे, हा आहे.

एक उदाहरण घ्यावे. पौष महिन्यात खोली वीस अंशांवर आहे आणि भर कामात कार्ड बहात्तर दाखवते. सर्वांना वाटते, छान चालले आहे. परंतु वजाबाकी केली तर चढ बावन्न अंशांची आहे. पंख्याची गती तीच राहिली, तर वैशाखात बेचाळीस अंशांच्या खोलीत तेच कार्ड चौऱ्याण्णवावर जाईल. एनव्हिडिया कंपनीने २०१६ साली काढलेल्या आणि अजूनही पुष्कळ दुकानांत राबत असलेल्या जीटीएक्स १०६० या कार्डाची कमाल मर्यादा नेमकी चौऱ्याण्णव अंश आहे. प्रत्यक्षात पंखा आपोआप वेग वाढवतो आणि त्या मर्यादेजवळ जाताच कार्ड आपली गती स्वतःच कमी करते, म्हणून आकडा थोडा खाली राहतो. परंतु याचा अर्थ असा की पडद्यावरील चित्र अडखळू लागले ते कार्ड बिघडले म्हणून नव्हे. कार्ड स्वतःला वाचवीत होते. उलट, खोली बेचाळीस अंशांची आणि कार्ड ब्याऐंशीचे असेल तर चढ अवघी चाळीस आहे. तेथे कार्डाला बोल लावण्यात अर्थ नाही. तेथे खोलीचाच उपाय करावयास हवा.

खोलीचे तापमान मोजावयाचे तेही ओसरीत नव्हे. संगणकाच्या पेटीत हवा जेथून शिरते तेथे, वीतभर अंतरावर, साधा भिंतीवरचा थर्मामीटर टांगावा. बंद खोलीत तासभर चाललेला संगणक खोलीलाही तापवतो, ही गोष्ट तेव्हाच ध्यानात येते. आणि मोजमापाचीही पारख असावी. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. इतर काही केंद्रे मात्र ४४ च्या आसपासच आकडे दाखवीत होती. पुढे हवामान खात्याने स्पष्ट केले की त्या केंद्राचा संवेदक बिघडला होता. एकच आकडा एकाच यंत्राने सांगितला असता तो दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. कार्डाच्या बाबतीतही निरनिराळे दोन प्रोग्राम लावून पाहण्यास काही खर्च येत नाही.

चढ पन्नासच्या पुढे आहे असे ठरले, की मग अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधावयाचे. यासाठी पेटी उघडण्यापूर्वी घड्याळ पाहावे. काम सुरू करताच दहा-पंधरा सेकंदांत आकडा उडी मारून वर जात असेल, तर उष्णता चिपेतूनच नीट बाहेर पडत नाही. म्हणजे लेप सुकला आहे किंवा धातूचा तळ चिपेवर नीट बसलेला नाही. तोच आकडा वीस मिनिटे हळूहळू चढत असेल, तर दोष बाहेरच्या टप्प्यांत आहे: पेटीतील हवा कोंडते आहे. बहुतेक कार्डे दोन आकडे दाखवतात, एक सर्वसाधारण तापमानाचा आणि दुसरा चिपेवरील सर्वांत तप्त बिंदूचा. या दोहोंत दहा-पंधरा अंशांचे अंतर असणे स्वाभाविक. पंचवीस-तीस झाले तर लेपावरच संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा याहूनही सोपी आहे. पेटीची बाजूची झडप काढून तेच काम पुन्हा करावे. आठ-दहा अंश उतरले, तर कार्ड निर्दोष आहे. पेटीला श्वास घेता येत नाही. पुष्कळ दुकानांत संगणकाची पेटी टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात, मागून भिंतीला चिकटून ठेवलेली असते, तिच्या पुढच्या बाजूस शोभेची काच असते, आणि एकच पंखा बिचारा मागे फिरत असतो. अशा पेटीस पुढून हवा घेणारा एक पंखा बसवून ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, तर जे काम चार-पाचशे रुपयांत होते त्यासाठी नवे कार्ड घेणे हा शुद्ध अपव्यय होय. झडप काढूनही दोन-तीन अंशच उतरले, तर मात्र कार्डाकडे वळावे.

कार्डाकडे वळल्यावर पहिली गाठ पडते ती धुळीशी. या जिल्ह्याची धूळ साधी नाही. कापसाचा मुलूख असल्याने जिनिंग चालू असताना रुईचे बारीक तंतू हवेत तरंगतात. त्यांत रस्त्याची काळी माती मिसळते. आणि दुकानात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावण्याचा प्रघात असल्यामुळे तिच्या धुराचा चिकटपणा या मिश्रणाला बांधून ठेवतो. वर्ष-दोन वर्षांत पंखा आणि पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये घोंगडीचा तुकडा ठेवावा तसा थर जमतो. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही जोरात. परंतु त्याचा वारा घोंगडीवर आपटून परततो. वरवर फडके मारणाऱ्यास हा थर कधीच दिसत नाही. संगणक बंद करून, वीज तोडून, कार्ड बाहेर काढून मऊ कुंचल्याने आणि ब्लोअरने तो काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते भलत्या वेगाने फिरून त्याचा कणा खराब होतो. ओले फडके येथे वर्ज्य.

पंख्याचीही एक गंमत आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतील कित्येक कार्डांचे पंखे पन्नास-साठ अंशांपर्यंत फिरतच नाहीत. आवाज नको म्हणून कंपनीनेच तशी योजना केलेली असते. ते पाहून पंखा जळाला असे समजून तो बदलणारे कारागीर आहेत. भर कामात, सत्तरच्या पुढे, पंखा फिरतो की नाही हे पाहावयाचे. तेव्हाही तो अडखळत असेल, घरघरत असेल, किंवा दोहोंपैकी एकच फिरत असेल, तर मात्र तो बदलावाच.

लेप बदलणे हे यानंतरचे काम, आणि ते हात स्थिर असणाऱ्याने करावे. हमीची मुदत शिल्लक असेल तर कार्ड उघडण्याआधी हमीपत्र वाचावे. स्क्रू तिरपे, आळीपाळीने, थोडेथोडे सैल करावेत. एका बाजूने सोडल्यास चिपेचा कोपरा तुटण्याची भीती असते. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनी पुसून वाटाण्याएवढा नवा लेप लावावा. शेजारच्या स्मृतीच्या चिपांवर रबरासारखे मऊ थर्मल पॅड असतात. ते फाटले तर त्याच जाडीचे लावले पाहिजेत. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड बसवला तर धातूचा तळ मुख्य चिपेवर टेकतच नाही, आणि दुरुस्तीनंतर कार्ड पूर्वीपेक्षा अधिक तापते. असे झाले की लोक लेपाच्या कंपनीस शिव्या देतात.

येथे एका भाबड्या उपायाचा उल्लेख करणे अवश्य आहे. मेलेले कार्ड भट्टीत भाजून जिवंत करण्याचा सल्ला बरीच वर्षे फिरत आला आहे. त्याच्या मागे थोडा इतिहास आहे. २००८ साली एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले की लॅपटॉपमधील आपल्या काही चिपा सदोष जोडणीमुळे निकामी होत आहेत, आणि त्यापोटी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. वारंवार तापण्या-निवण्याने आतील सूक्ष्म जोड तडकत होते. अशा चिपा भाजल्या असता जोड तात्पुरता सांधल्यासारखा होई, आणि काही दिवसांनी पुन्हा तुटे. आजच्या, केवळ धुळीने तापणाऱ्या कार्डास भट्टीत घालणे म्हणजे ताप आलेल्या माणसास चुलीजवळ बसवणे होय. त्यातून निघणारा विषारी धूर घरच्या स्वयंपाकाच्या भट्टीत राहतो, तो वेगळाच.

उन्हाळ्याचा आणखी एक सोबती म्हणजे कूलर. खोलीचे तापमान उतरवण्यास या भागात त्याच्याइतके स्वस्त साधन नाही. वैशाखातील कोरड्या हवेत तो बेचाळीस अंशांची हवा तीसच्या आतबाहेर आणतो, म्हणजे कार्डालाही तेवढाच दिलासा मिळतो. परंतु कूलरचा झोत थेट संगणकावर सोडणे हा अविचार आहे. त्या झोतातून पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात, आणि जड पाण्यातील क्षार कूलरच्या ताट्यांवर जसे पांढरे बसतात तसेच ते कार्डावरही बसून धातू खातात. कूलर खिडकीत, संगणक खोलीच्या दुसऱ्या टोकास, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे, अशी मांडणी असावी. दार बंद करून कूलर चालवणाऱ्यास दमट उकाडा तेवढा मिळतो. आषाढ-श्रावणात तर हवाच दमट असल्याने कूलरचा फारसा उपयोग नाही. त्या दिवसांत मात्र उन्हाचीच धग ओसरलेली असते.

इतके करूनही दुपारच्या वेळी काम उरकावयाचे असेल, तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. एमएसआय आफ्टरबर्नर यासारख्या प्रोग्रामने कार्डाला मिळणाऱ्या विजेची मर्यादा शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणावी. उष्णता त्या प्रमाणात उतरते. काम मात्र त्या प्रमाणात मंदावत नाही, तासाच्या कामास काही मिनिटे अधिक लागतात एवढेच. पडदा काळा होऊन तीन तास फुकट जाण्यापेक्षा हा सौदा केव्हाही परवडतो. लांबलचक फिल्म तयार होण्यास लावावयाची ती रात्री दहानंतर, ही स्टुडिओवाल्यांची जुनी चालही शास्त्रशुद्धच आहे.

तापमान मर्यादेत असताना, समजा सत्तर अंशांवर असताना, संगणक एकाएकी बंद पडत असेल तर तो दोष उष्णतेच्या वाटेचा नव्हे. तेथे वीजपुरवठा करणारा एसएमपीएस तपासावा. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज उतरते, तेवढीच शक्ती देण्यासाठी एसएमपीएसला अधिक विद्युत्प्रवाह घ्यावा लागतो, तो स्वतः तापतो, आणि स्वस्तातला असेल तर हात टेकतो. शिव्या मात्र कार्डाला बसतात.

जुन्या कार्डांच्या खरेदीविषयी एक शब्द. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते चलन काढण्यासाठी जुंपलेली ग्राफिक्स कार्डे जगभर निरुपयोगी होऊन जुन्या बाजारात आली. त्यांतील कित्येक अहोरात्र राबलेली आहेत. स्वस्त मिळते म्हणून असे कार्ड घेणे सर्वस्वी चूक नाही, परंतु घेतल्याबरोबर पंखे, लेप आणि पॅड यांचा खर्च किमतीत धरावा, आणि दुकानातच अर्धा तास भर काम देऊन चढ किती होते ते पाहून मगच पैसे मोजावेत.

या साऱ्या तपासणीचा काळ वैशाख नव्हे. वैशाखात ज्याच्या दुकानात सहा लग्नांचे चित्रण पडले आहे, त्याला कार्ड उघडून लेप पुसण्याची उसंत नसते. ती वेळ असते पौष-माघात. त्या थंडीत कार्ड बहात्तर दाखवीत असले की कोणी त्याकडे पाहत नाही, आणि नेमके तेव्हाच बावन्न अंशांची चढ पुढील संकट सांगत असते. तेव्हाच तासभर काम द्यावे, खोलीचे आणि कार्डाचे तापमान घ्यावे, वजाबाकी करावी. धूळ काढली की पुन्हा मोजावे. लेप बदलला की पुन्हा मोजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने किती उतरले ते कळते. सगळे एकदम केले तर पुढच्या वर्षी पुन्हा सगळेच करावे लागेल. हे आकडे लिहून ठेवण्यास वहीही लागत नाही. पेटीच्या झडपेच्या आतील बाजूस कागदाची पट्टी चिकटवून तीवर तारीख, खोली, कार्ड आणि चढ असे चार रकाने आखावेत. पुढच्या माघात झडप उघडली, की गेल्या वर्षीची चढ समोरच असते.